मूळ बागेतला जिवाणू

सायटेशन म्हणजे काय, हे मी नवऱ्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी समजावून सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मोजता येणारी कुठलीही गोष्ट त्याला लगेच पटते. मी म्हटलं, "मी एक पेपर लिहिला. त्यात काहीतरी शोधून दाखवलं. पुढे दुसऱ्या कुणी त्याच विषयावर लिहिताना ‘हे अमक्या बाईंनी आधी दाखवलं आहे’ असं माझं नाव देऊन लिहिलं, की माझं एक सायटेशन झालं."

"म्हणजे आमच्या आत्यासारखं की," तो म्हणाला. "लोणचं कुणीही घालू दे, ‘आत्या मीठ आधी भाजून घ्यायची’ असं म्हटल्याशिवाय आमच्यात बरणीचं झाकण लागत नाही."

"तसंच."

"मग आत्याची तुझ्यापेक्षा जास्त झाली असतील."

झालीही असतील. माझी मात्र मी मोजते. घरात किराण्याची यादी मी करते, प्रवासाच्या सामानाची यादी मी करते, आणि माझे पेपर कुणी, कुठे, कशासाठी वापरले याचीही यादी मीच ठेवते. यात गर्व कमी आणि सवय जास्त आहे. आमच्या कामात माणूस काय करतो हे बाहेरच्यांना दिसत नाही. टेलरने कपडा शिवला की तो अंगावर दिसतो. आम्ही वर्षानुवर्षं काचेच्या ताटलीत डोकावतो, त्याचा पुरावा म्हणून दुसऱ्यांच्या पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात आलेलं आपलं नाव, एवढंच हाती राहतं.

मी पिकांच्या जिवाणूजन्य रोगांवर काम करते. सोलापुरात राहून हे काम करायचं म्हणजे डाळिंबाच्या तेल्यावर करायचं. पानावर तेलाचा थेंब पडून पसरावा तसा डाग दिसतो, म्हणून शेतकऱ्यांनीच त्याला तेल्या हे नाव दिलं, आणि आमच्या लांबलचक लॅटिन नावापेक्षा ते जास्त चपखल आहे. डाग पानावरून फळावर जातो, काळा पडतो आणि फळ तडकतं. तडकलेलं फळ व्यापारी हातात घेत नाही. रोग पसरतो तो पावसाच्या शिंतोड्यातून, छाटणीच्या कात्रीतून, ओल्या हातांतून आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणाऱ्या माणसांच्या चपलांतून. हे वाक्य मी इतक्या शेतकरी मेळाव्यांत म्हटलं आहे, की ते मला झोपेतही बिनचूक म्हणता येईल.

या नोकरीत मी बरेच पेपर लिहिले. त्यातला एक चालला. बाकीचे आपापल्या पायांवर उभे आहेत, पण तो एक धावला.

त्याची गोष्ट अशी. वेळापूरच्या पुढे आत गेल्यावर एक गाव आहे. तिथे तेल्याचा कहर झाला होता तेव्हा मी नमुने गोळा करायला गेले होते. तिथले लोक दर आठवड्याला झाडांवर प्रतिजैविक फवारत होते. माणसाला डॉक्टर देतात त्याच जातीचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन. कुणीतरी सांगितलं, एकाने मारलं, त्याचं बघून दुसऱ्याने मारलं. मी एका बागेतून रोगट पानं आणली, त्यातला जिवाणू वेगळा काढला आणि वाढवला. पिवळ्या, मधासारख्या चकचकीत ठिपक्यांच्या रूपात तो वाढतो. मग औषध घातलेल्या ताटलीवर त्याला ठेवलं. इतर गावांतला जिवाणू त्या ताटलीवर मरत होता. या गावातला आरामात वाढला. औषधाची त्याला सवय झाली होती.

मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग पेपर लिहिला.

तो छापून आला आणि कुठून कुठून लोक त्याचा दाखला द्यायला लागले. संत्र्यावर काम करणारे, आंब्यावर, भातावर, टोमॅटोवर. सगळ्यांच्या पेपरच्या पहिल्या परिच्छेदात साधारण एकच वाक्य असे: ‘पिकांवरच्या जिवाणूंत औषधाला दाद न देणारे प्रकार आढळले आहेत’, आणि पुढे माझं नाव. पेपर पूर्ण वाचलेले त्यात किती असतील याबद्दल मला शंका आहे. पण माझ्या एकूण सायटेशनपैकी निम्मी त्या एकट्या पेपरची होती. परदेशातल्या परिषदेत कुणी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून "अच्छा, डाळिंबवाल्या तुम्हीच!" असं म्हणे, तेही त्याच पेपरमुळे.

गावातही त्या पेपरचा परिणाम झाला. तो निकाल घेऊनच मी तिथे परत गेले होते. सांगितलं, औषध थांबवा, ते आता काम करत नाही, उलट रोगाला तयार करतंय. फार रोगट झाडं काढून जाळा. कात्री दर झाडाला जंतुनाशकात बुडवून वापरा. बागेला एक बहार, म्हणजे फुला-फळांचा एक हंगाम, विश्रांती द्या. ज्यांच्या बागेतून मूळ नमुना घेतला ते गृहस्थ गावात तात्या म्हणून ओळखले जातात. त्यांनी ते सगळ्यांत आधी केलं. अर्धी बाग स्वतःच्या हातांनी उपटली. माझ्याशी तेव्हा ते दोन महिने बोलत नव्हते.

काही वर्षांपूर्वी ब्राझीलमधून एक ईमेल आला. संत्र्याच्या रोगावर काम करणारे एक शास्त्रज्ञ. त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं: औषधाला दाद न देणारे म्हणून जगभर नोंदलेले हे सगळे जिवाणू आम्ही नव्या पद्धतीने तपासतो आहोत. पूर्वीच्या पद्धतींत चुका होऊ शकत होत्या. शेवटी एक तक्ता छापू. एका बाजूला पडताळलेले, दुसऱ्या बाजूला न पडताळलेले. तुमचा नमुना सर्वांत जास्त उल्लेखला गेलेल्यांपैकी आहे. कृपया तो पुन्हा वाढवून, औषधावर तपासून त्याचा डीएनए पाठवाल का?

मी त्याच दिवशी होकार कळवला. काय पणाला लागलं आहे हे मला स्वच्छ कळलं होतं. पदोन्नतीचा प्रश्न नव्हता, ती झालेली होती. प्रश्न असा, की ‘पडताळलेले’ या रकान्यात गेला तर पेपर माझ्यानंतरही टिकेल. दुसऱ्या रकान्यात गेला तर पुढचे लोक हळूच त्याचं नाव गाळतील, आणि गाळावंच. मीही तेच केलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेची एक पद्धत आहे. रोजच्या वापरातले जिवाणू आम्ही ठराविक काळाने जागे करतो, वाढवतो, पुन्हा गोठवतो. पण ज्याच्यावर पेपर छापला गेला, तो ‘मूळ’ नमुना. त्याच्या कुप्या सीलबंद, डीप फ्रीझरच्या सर्वांत खालच्या कप्प्यात. वारंवार वाढवला तर तो बदलतो, भेसळ होते, म्हणून त्याला हात लावायचा नाही. जेवढा महत्त्वाचा नमुना, तेवढी कडक बंदी. जिथे जिथे जिवाणू जपले जातात, तिथे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आम्ही सील तोडलं. माझ्याबरोबर काम करणारी तरुण संशोधक होती, हुशार आणि तोंडाने फटकळ. तिने चार ताटल्यांवर नमुना पसरला. तीन-चार दिवसांत पिवळे ठिपके यायला हवेत. आले नाहीत. आठवडा गेला. ताटल्या धुवून पुसून ठेवाव्यात तशा स्वच्छ होत्या. दुसरी कुपी काढली, तिसरी, सगळ्या. मधल्या कुठल्या तरी उन्हाळ्यात वीज गेली असताना खालचा कप्पा गरम झाला असणार. वरच्या कप्प्यांतले नमुने नंतर कधीतरी वाढवले गेले, नव्याने गोठवले गेले. खालच्याला कुणी विचारलंच नाही. माझ्या यादीत प्रत्येक कुपीपुढे ‘आहे’ असं होतं. ‘जिवंत आहे’ असं नव्हतं.

"मॅडम, लग्नातल्या शालूसारखं झालं," ती तरुणी म्हणाली. "जपून जपून ठेवला आणि घडीवरच विरला."

"मग नवीन आणायचा," मी म्हटलं. "गाव जाग्यावर आहे, बाग जाग्यावर आहे. पावसाळा संपत आलाय, रोग दिसायचे दिवस आहेत. पानं आणू, जिवाणू काढू."

मी तात्यांना फोन केला. "या की मॅडम," ते म्हणाले. "लई दिसांनी आटवन झाली. बागंला बगायला येताय न्हवं?" मी हो म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं.

पिशवी आदल्या संध्याकाळी भरली: कागदी पाकिटं, मार्कर, स्पिरिट, हातमोजे, भिंग, बर्फाचा डबा, बिस्किटं, पाणी. ऑफिसची गाडी एका कामासाठी एवढ्या लांब नेणं मला पटत नाही, म्हणून वाटेत पंढरपूरच्या अलीकडे दुसऱ्या एका प्रकल्पाची बाग होती, तिथलं कामही उरकून घेतलं. त्या बागेत तेल्या भरपूर होता. पाकिटं भरून घेतली, हात धुतले आणि पुढे निघालो.

तात्यांच्या बागेला आता फाटक आहे. फाटकाशी सिमेंटची उथळ हौदासारखी जागा, तिच्यात जंतू मारणारं मोरचुदाचं निळं पाणी. ते ओलांडल्याशिवाय आत पाय टाकता येत नाही. फाटकावर पत्र्याचा बोर्ड होता. त्यावरची सूचना मीच एका मेळाव्यात वाटलेल्या पत्रकातली होती, शब्द न शब्द.

तात्या फाटकाशी उभेच होते. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, तोंडभर हसू. मी चप्पल निळ्या पाण्यात बुडवली. त्यांनी विचारलं, "सोलापुरातनं थेट आलाव का मधी कुटं थांबला हुता?"

"पंढरपूरजवळ एका बागेत थांबलो होतो."

हसू गेलं. "तेल्या हाय का त्या बागंत?"

"आहे."

"मग आज न्हाय जमायचं."

मला आधी कळलंच नाही. "काय नाही जमायचं?"

"आत यायचं. कापडं त्या बागंतली हायती तुमच्या अंगावर." त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. बोर्डावर लिहिलं होतं: ‘त्याच दिवशी दुसऱ्या बागेत गेलेल्यांनी आत येऊ नये.’

"अहो तात्या, हे मीच लिहिलंय."

"व्हय. म्हनून तर पाळतोय."

आमचे ड्रायव्हर गाडीला टेकून उभे होते. ते हसू दाबायचा प्रयत्नही करत नव्हते. "मॅडम, स्वतःच्याच बोर्डानं अडवलं की तुम्हाला," ते म्हणाले. "आता मोर्चा कुणावर काढायचा?"

काढायचा कुणावर? तात्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली आम्हाला बसवलं. तात्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते, त्यांनी घरातून कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही आणलं. "आत न्हाय घेतलं म्हनून राग मानू नगा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मागं माज्या भावालाबी असंच भायेर बशीवलं. त्यो अजून बोलत न्हाय." जेवून आम्ही परत फिरलो. काही न करता एवढ्या लांबून परत येणं मला सहसा सहन होत नाही. त्या दिवशी झालं. कुणी माझं ऐकतं आहे, हे माझ्या नोकरीत मला समोर, फाटकाच्या रूपात, फार वेळा दिसलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला सोलापुरातून थेट गेले, सकाळी धुतलेले कपडे घालून. ती तरुण संशोधक बरोबर होती. निळ्या पाण्यातून पाय घेतले आणि आत गेलो.

बाग अशी होती, की बघत राहावं. झाडांमध्ये मोकळी जागा, खाली एक वाळकं पान नाही, फळं लाल आणि नितळ. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक झाड, पानांची वरची बाजू, खालची बाजू, फांदीच्या गाठी, फळांचे देठ. पानं उन्हाकडे धरून बघत होते. तेलकट डाग असा चटकन दिसतो. तात्या माझ्या मागून चालत होते, हात पाठीमागे बांधून. मी तपासणीला आले आहे असं त्यांना वाटत होतं. मी एखाद्या झाडापाशी जास्त थांबले की तेही थांबत, श्वास धरून, आणि मी पुढे सरकले की "हां" म्हणत.

मी निराश होत गेले, तसे ते खूश होत गेले. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यांचा चेहरा दहावीत पहिला आलेल्या पोराच्या बापासारखा होता.

"काय सापडलं का?"

"नाही."

"सापडंल कुटनं!"

ओसरीवर बसल्यावर मी खरं सांगितलं. तुमच्या बागेतल्या रोगावर मी लिहिलं होतं, ते जगभर वापरलं जातं. आता ते खरं होतं का हे पुन्हा तपासायचं आहे. आमच्याकडचा जिवाणू मेला. मला तुमच्या बागेतलं एक रोगट पान हवं होतं.

मग काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! मॅडम रोग मागाय आल्यात व्हय?"

तात्यांना मात्र ते लागलं. "मंजी आमची बाग बरी झाली, म्हनून तुमी नाराज?"

"नाराज नाही हो."

"मगाधरनं तोंड उतरलंय की तुमचं. मला वाटलं, ऊन लागलं."

"तुमची बाग बरी झाली याचा आनंद आहे. आणि माझा पेपर अडकला याचं वाईट वाटतंय. दोन्ही आहे."

त्यावर ते थोडे निवळले. माणूस मदतीचा आहे. खिशातून फोन काढून गावातल्या दुसऱ्या एका बागवाल्याला लावला, आणि गावाकडे बोलतात तसं, फोनची गरजच पडू नये इतक्या मोठ्याने विचारलं, "काय रं, तेल्या हाय का तुज्याकडं?"

पलीकडून जे आलं ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की "तेल्या असंल तुज्या बागंत". बागवाल्याला तेल्या आहे का विचारणं म्हणजे मुलीला स्थळ आलेलं असताना तिच्या बापाला ती फिट येऊन पडते का विचारण्यासारखं. तात्यांनी आणखी तिघांना विचारलं. दोघांनी शिव्या दिल्या, तिसऱ्याने फोन कापला. "बगा," तात्या म्हणाले, "गावात इचारूबी देत न्हाईत. आता आनू कुटनं?" मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नातेपुत्याकडनं आनून एका झाडाला लावू का? तुमच्यासाटी एक झाड सोडीन म्हनतो."

"अजिबात नको," मी जवळजवळ ओरडलेच.

"चेष्टा केली. लावतोय कशाला!"

काकू आत जाईपर्यंत हसत होत्या.

परतीच्या वाटेवर, वेळापूरच्या चौकात चहा घेताना, त्या तरुण संशोधिकेने विषय काढला. "मॅडम, पंढरपूरजवळचा नमुना आहे आपल्याकडे. जिवाणू तोच. तो पाठवला तर?"

"त्याच्यावर औषध चालतं. मरतो तो. तू स्वतःच तपासलंयस."

"मग आणखी शोधू. कुठेतरी औषधाला न जुमानणारा सापडेलच. तो पाठवायचा."

"तो नवीन नोंद म्हणून पाठवू. या गावचा म्हणून नाही. शेजाऱ्याचं पोर आपल्या नावावर शाळेत घालत नाहीत."

ती चहा ढवळत राहिली, आणि मग म्हणाली, "पण मॅडम, विचार करा ना. तुम्ही पेपर लिहिला, म्हणून त्यांनी औषध थांबवलं. औषध थांबलं, झाडं काढली, म्हणून रोग गेला. रोग गेला, म्हणून तुमचा पेपर पडताळता येत नाही. म्हणजे तुमच्या पेपरनंच तुमचा पेपर खाल्ला."

मी हसले. पण त्या वाक्याने माझं काम सोपं केलं: ब्राझीलला काय लिहायचं ते मला कळलं. पडताळता येत नाही, यातला संशयाचा भाग मला टोचत होता: तेव्हा माझ्याकडून काही चुकलं असेल का? ताटलीत औषध कमी पडलं असेल का? त्या वेळचे फोटो आणि नोंदी मी पुन्हा काढून बघितल्या होत्या. त्यांत चूक दिसत नव्हती. पण चूक दिसत नाही आणि चूक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक सांगू शकणारा साक्षीदार मेला होता. त्याचं मी काही करू शकत नव्हते. जे करू शकत नाही ते मी यादीतून काढून टाकते.

तरी एक शेवटचा प्रयत्न केला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. त्या हंगामात सारखा पाऊस होता, हवेत ओल होती, तेल्याला हवी तशी. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तात्यांनी स्वतः पुढाकार घेऊन गावातल्या बाकीच्या बागाही दाखवल्या. शिव्या देणाऱ्यांनीही फाटकं उघडली, अर्थात निळ्या पाण्यातून पाय घेतल्यावरच. बायका छाटणीला होत्या, प्रत्येकीच्या कमरेला कात्री बुडवायचा जंतुनाशक पाण्याचा डबा. एकीने मला विचारलं, "काय हुडकताय, बाई? पडलंय का कायतरी?" मी म्हटलं, "हो, जुनं ओळखीचं कुणीतरी." काही सापडलं नाही.

तेव्हा मी ब्राझीलला सविस्तर लिहिलं. मूळ नमुना मेला. मूळ बागेत आणि गावात दोन हंगाम शोधलं, रोगच नाही. जवळपासच्या तालुक्यांतले नमुने औषधाने मरतात. तुम्ही माझा पेपर न पडताळलेल्या रकान्यात टाकावा, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याखाली तळटीप द्यावी, आणि त्या गावाचं नाव त्यात असावं.

त्यांचं उत्तर चटकन आलं. त्यांनी लिहिलं, की त्यांच्या यादीतले बरेच नमुने हरवले आहेत, कुणी उत्तरही देत नाही; पण रोग संपला म्हणून नमुना मिळत नाही असं कारण त्यांना पहिल्यांदाच मिळतंय, आणि ते वाचून त्यांच्या प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. मी ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "टाळ्यांचं सायटेशन मोजतात का?" मी म्हटलं, नाही. "मग मोजायला सुरुवात कर."

तक्ता पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस छापून आला. माझा पेपर उजवीकडच्या रकान्यात होता, हरवलेल्यांच्या आणि चुकलेल्यांच्या रांगेत. त्या ओळीवरून मी दोनदा बोट फिरवलं, हे खरं. त्यानंतर त्या पेपरचा दाखला देणं कमी होत गेलं. नवीन लोक नवीन तक्ता वाचून लिहितात, आणि तसंच व्हायला हवं. माझी इतर कामं आपल्या चालीने चालली आहेत. त्या तरुणीने स्वतःचा पहिला पेपर लिहिला, मूळ नमुने न उघडता जपण्याच्या पद्धतीतल्या धोक्यांवर, आणि त्यात आमचंच उदाहरण दिलं. आता आम्ही सीलबंद कुप्याही वर्षातून एकदा उघडून बघतो.

छापील पान हातात आलं त्या दिवशी मी दुपारी तात्यांना फोन केला. "तुमच्या गावाचं नाव छापून आलंय. परदेशात."

"कशाबद्दल?"

"तेल्याबद्दल."

"आरं देवा. तेल्यावालं गाव म्हनून?"

"उलट. थांबा, वाचून दाखवते."

"विंग्रजी हाय न्हवं? मराटीत सांगा." मग फोन बाजूला करून त्यांनी हाक मारली, "अगं, भायेर ये की जरा. मॅडम हायत्या." भांड्यांचा आवाज थांबला. काकू आल्या असाव्यात. फोनचा स्पीकर लावल्याची खरखर ऐकू आली.

मी गावाचं नाव घेतलं, तालुक्याचं घेतलं, आणि तळटिपेतलं ते वाक्य मराठीत करून सांगितलं: मूळ बागेत आणि गावातल्या इतर बागांत सलग दोन हंगाम शोध घेतला असता, हा रोग आढळला नाही.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या; काकूंनी त्यांना हुसकावलं.

"श्येवटचं परत म्हना," तात्या म्हणाले.

मी परत म्हटलं.

"आनी तुमचं काय झालं त्याच्यात?"

"माझं तेवढं नुकसान झालं. तो पेपर आता पुढे कुणी फारसा वापरणार नाही."

"लई?"

"बऱ्यापैकी."

ते म्हणाले, "आमीबी अर्दी बाग उपटली हुती." आणि लगेच, ज्या सुरात माणसं शेजारच्या बांधावर बोलतात त्या सुरात, "बरं, ते जाऊ द्या. यंदा हस्त बहार धरावा म्हनतोय. पानी कवा तोडू?"

मी कॅलेंडर जवळ ओढलं, जमीन कशी आहे, पाऊस कधी थांबला ते विचारलं, आणि फुलं यावीत म्हणून पाणी तोडून झाडांना ताण कधी द्यायचा ते आम्ही ठरवायला बसलो.